लेमन, थंडा, जिंजर, कलर: तुमच्याकडे काय म्हणतात? आणि प्यायलेली सगळ्यात विचित्र चव कोणती?

ताकपिठ्या

प्रश्न साधा आहे, पण ऑफिसात जेवणाची सुट्टी संपली तरी निकाल लागला नाही. बाटलीतलं गार, गोड, फसफसणारं जे काही असतं, त्याला तुमच्या गावात काय म्हणतात?

मी साताऱ्याकडचा. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी सरसकट 'लेमन' म्हणायची. आत संत्रं असो, आंबा असो नाहीतर काळं काहीतरी असो. 'पाव्हणं आल्यात, चार लेमन आण जा' म्हणजे दुकानदार जे देईल ते घेऊन यायचं. आमची पिढी 'कोल्ड्रिंक' म्हणते. नागपूरचा सहकारी 'थंडा' म्हणतो. मुंबईची सहकारी म्हणते असा मोघम शब्दच लागत नाही, थम्सअप हवं असेल तर थम्सअप म्हणावं आणि लिम्का हवा असेल तर लिम्का. हैदराबादेत वाढलेला एक मराठी मुलगा 'कूल ड्रिंक' म्हणतो आणि बाकीचे सगळे चुकीचं बोलतात यावर ठाम आहे.

दुसरा अर्धा प्रश्न विचित्र चवींचा. नुसतं 'भयंकर होतं' लिहून पळू नका, कसं लागलं ते सांगा. माझ्याकडून जिरा सोडा. मला मनापासून आवडतो, पण घरात दुसरं कुणी तोंडाला लावत नाही. भाजीला द्यायची फोडणी बाटलीत का दिली, असा आईचा सवाल असतो.

वऱ्हाडी ठेचा

थंडा. बस. दुसरं काही म्हणतच नाही आमच्याकडे. 'थंडा घेता का' असं कोणी विचारलं ना, तर नाही म्हणाची सोय नाही. साक्षगंधाले थंडा, लग्नात वरातीले थंडा, आन् उन्हाळ्यात दुपारी कोणाच्या घरी गेलं तर पाण्याआधी थंडा.

मले एक सांगा, सगळ्यालेच लेमन म्हणता, मंग खरं लिंबाचं पाह्यजे असलं तर काय मांगता?

ताकपिठ्या

लिंबू सोडा. त्यात पुढे गोड, खारा की मिक्स हा प्रश्न टपरीवाला विचारतोच.

चिंचबोर

'पेप्सी' विसरू नका. आमच्या शाळेबाहेर पेप्सी किंवा पेप्सीकोला म्हणजे प्लास्टिकच्या लांब नळीतला रंगीत बर्फ. दाताने कोपरा तोडायचा आणि चोखायचा. ऑरेंज, कालाखट्टा, कच्ची कैरी आणि एक पांढरी दुधाची. खरी पेप्सी पहिल्यांदा बाटलीत पाहिली तेव्हा आमच्या वर्गातल्या एकाने विचारलं होतं, ही वितळलेली का विकतात?

खेतवाडी

मुंबईत मोघम शब्द नव्हता याचं कारण आहे. कोला येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे सोड्याचे कारखाने होते आणि ते बहुतेक पारशी-इराण्यांच्या हातात होते. पालनजी १८६५ सालचे. ड्यूक्स १८८९ सालचं, दिनशॉजी पांडोळे यांचं. हे गृहस्थ क्रिकेट खेळायचे आणि ज्या इंग्लिश कंपनीच्या चेंडूने खेळायचे तिचंच नाव त्यांनी सोड्याला दिलं असं सांगतात. पुण्यात अर्देशिर १८८४ पासून. कँपातल्या ज्या चौकात त्यांची जागा आहे त्याला लोक शरबतवाला चौकच म्हणतात.

या मंडळींच्या बाटल्या चवीच्या नावाने मागितल्या जायच्या: रास्पबेरी, जिंजर, लेमोनेड, पाइनॅपल, आइस्क्रीम सोडा. इराण्याकडे बसल्यावर 'कोल्ड्रिंक द्या' कुणी म्हणत नसे, 'एक जिंजर' म्हणायचे. जेवण अंगावर आलं की जिंजर, लग्नात रास्पबेरी. पारशी लगनाच्या जेवणात लाल रास्पबेरी नसेल तर यजमानाची अब्रू जाते. ताकपिठ्या, तुमच्या साताऱ्याचं 'लेमन' या लेमोनेडच्याच घरातलं असावं असा माझा तर्क आहे. मुंबईत ते एका चवीचं नाव राहिलं, तुमच्याकडे सगळ्या खानदानाला लागलं.

आता चवीचं. खरं रास्पबेरी फळ त्या काळी मुंबईत कुणी पाहिलेलं असणार? बाटलीतल्या रास्पबेरीचा फळाशी संबंध रंगापुरता. ती भडक, थोडी औषधी गोडी आहे. मी परदेशात खरं फळ खाल्लं तेव्हा ते आंबट निघालं आणि माझा विरस झाला. बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात बेरी पुलावाबरोबर रास्पबेरी मागवतात, त्या जोडीला मात्र तोड नाही. पुलावातली आंबट बेरी आणि ही अतोनात गोड बाटली एकमेकींना सांभाळून घेतात.

ड्यूक्स १९९४ साली पेप्सीने घेतलं. त्यांचं आंब्याचं 'मँगोला' आठवणारे हात वर करा.

फुलपात्र

हात वर. 🙋

आइस्क्रीम सोड्याबद्दल पुण्यात नवीन आलेल्यांची दरवेळी तक्रार असते की यात आइस्क्रीम कुठाय. नसतं. व्हॅनिलाचा वास असलेला सोडा असतो तो. आम्ही लहानपणी त्यात वरून खरं आइस्क्रीम टाकून बघितलं होतं, फेस टेबलाखाली गेला.

रंकाळ्यावरचा

तुम्ही सगळे कोल्ड्रिंक कोल्ड्रिंक करताय, आमच्या कोल्हापुरात कोल्ड्रिंक म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'दुधाचं का साधं?'

दूध कोल्ड्रिंक. घट्ट गार दूध, सब्जा, काजू-बदामाचे काप, वर आइस्क्रीमचा गोळा. उन्हाळ्यात रात्री जेवण झाल्यावर अख्खं कुटुंब गाडीवर बसून जातंय ते यासाठी. फेस नाही, गॅस नाही, ढेकर नाही. पण बोर्डावर लिहिलेलं असतंय 'कोल्ड्रिंक हाऊस'. तुमचं ते बाटलीतलं म्हणजे आमच्या लेखी सोडा, पाहुणं आजारी असलं तर देतो.

खेतवाडी

अहो ते खाद्य झालं. चमचा लागतो ते पेय नव्हे.

रंकाळ्यावरचा

मग पुण्याच्या मस्तानीला काय म्हणणार? तिला तर चमचा बी लागतोय आणि स्ट्रॉ बी.

फुलपात्र

मस्तानीला मध्ये आणू नका. आमचं तेवढंच एक सुख आहे.

उलटी बाटली

गोटीच्या बाटलीवर कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो. वडिलांचा हा धंदा होता.

ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७२ सालची. मानेत दोन ठिकाणी चिमटा काढल्यासारखा आकार असतो आणि त्या कप्प्यात काचेची गोटी. तोंडाशी आतून रबरी कडं. भरताना आधी पाक, मग दाबाखाली गॅसचं पाणी, आणि त्याच दाबात बाटली उलटी करायची. गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि आतला वायू तिला रबरावर असा दाबून धरतो की वेगळं बूच लागत नाही. आमचं यंत्र हाताने फिरवायचं होतं. लोखंडी चौकटीत बाटल्या अडकवायच्या आणि चाक फिरवून सगळी चौकट उलटी करायची.

फोडताना लाकडी ठोकळ्याने गोटी आत ढकलायची. आवाज आला नाही तर गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुर करायचं, गॅस गेलाय म्हणून. पिताना बाटलीच्या मानेतल्या खाचा खालच्या अंगाला ठेवायच्या, म्हणजे गोटी तिथे अडकून बसते आणि धार मोकळी राहते. नवख्या माणसाच्या तोंडाशी गोटी येऊन धार बंद पडायची आणि तो बाटली हलवत बसायचा.

धंद्याचे दोन शत्रू. एक पोरं, गोटीसाठी बाटली फोडायची. दुसरा पत्र्याचा बिल्ला, म्हणजे आपलं क्राउन झाकण. ते आल्यावर जाड काचेची, महागडी, धुवायला अवघड असलेली ही बाटली कोण वापरणार?

नावाचं म्हणाल तर आमच्याकडे 'गोटी सोडा'. निपाणी-बेळगावकडचे व्यापारी 'गोळी सोडा' म्हणायचे. दिल्लीला याच बाटलीला 'बंटा' म्हणतात.

खेतवाडी

जुन्या मुंबईतल्या दंगलींच्या वर्णनांत 'सोडावॉटरच्या बाटल्यांचा मारा' हे शब्द हटकून येतात. जाड काच, आत दाब, हलवून फेकली की फुटणार. सोड्याच्या दुकानांवर अशा वेळी पहिली नजर पडायची.

उलटी बाटली

खरंय. वडील सांगायचे, गावात तणाव असला की आधी बाटल्यांचे क्रेट आत घ्यायचे, मग दुकानाची फळी लावायची.

पाऊस तोक्योचा

गोटीची बाटली जपानात जिवंत आहे! इथे तिला 'रामुने' म्हणतात, लेमोनेड शब्द जपानी जिभेवर घासून गुळगुळीत झाला त्याचं हे रूप. उन्हाळी जत्रांमध्ये बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या असतात. गोटी ढकलायला वर प्लास्टिकचं छोटं बटण मिळतं. खाचांची युक्ती हीच. मी वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ते म्हणाले, ही आपलीच बाटली तिकडे कुणी नेली?

विचित्र चवींत मात्र इथल्यांचा हात कुणी धरू नये. रामुनेत करीची चव मिळते, वसाबीची मिळते. ही पर्यटकांची गंमत समजून सोडून देऊ. पण पेप्सीने इथे २००७ च्या उन्हाळ्यात काकडीची पेप्सी काढली होती, फिकट हिरवी. २००९ मध्ये शिसोची आणि त्याच वर्षी अझुकीची. शिसो म्हणजे पुदिना-तुळशीच्या कुळातलं पान. अझुकी म्हणजे बारीक लाल कडधान्य, ते शिजवून, साखर घालून, वाटून इथली मिठाई भरतात. पुरणच ते. आपल्या लोकांना आवडायला हवं होतं, पण पुरण चावायचं असतं. तेच गार आणि फसफसतं प्यायचं म्हटलं की घसा नाही म्हणतो. काकडीची मला खरंच आवडली. कोशिंबिरीच्या तळाला जे पाणी सुटतं त्याचा वास होता तिला, पण गोड.

हे सगळं ठरावीक हंगामापुरतं असतं. संपलं की संपलं.

नवापूर नाका

खानदेशाच्या गुजरातकडच्या टोकाला या. आमच्याकडे सोस्यो. सुरतचं आहे, १९२३ सालचं, स्वदेशीच्या लाटेत विलायती पेयाला उत्तर म्हणून काढलेलं. रंग फिकट तांबूस, चव सफरचंद आणि द्राक्ष यांच्या मधली कुठलीतरी, आणि मागून किंचित आंबूस. पहिल्यांदा पिणारा माणूस बाटलीकडे बघतो की ही दारू तर नव्हे? तळलेल्या भज्यांबरोबर प्या. मुंबईच्या पाहुण्यांना दिलं तर अर्धे ग्लास तसेच ठेवतात आणि अर्धे लोक जाताना क्रेट मागतात.

आगळवेगळी

मेल्यांनु, कोकमाक विसारलात काय सगळे?

मालवणकडून नोंद. 'कोल्ड्रिंक' हा शब्द आमच्याकडेही आहे, पण घरी आलेल्या माणसाला 'सरबत घेतास?' असंच विचारतात आणि सरबत म्हणजे कोकम हे न सांगता कळतं. आता शहरातल्या मॉलवाल्यांसाठी भेद सांगते. अमृत कोकम म्हणजे कोकमाच्या सालींना साखर लावून सुटलेला पाक, सरबताचा. आगळ म्हणजे मिठाने सुटलेला रस, सोलकढीचा आणि आमटीचा. बाटल्या दिसायला सारख्या असतात. शहरात एकीने आगळात पाणी घालून सरबत म्हणून पाहुण्यांना दिलं, पाहुणे फार सभ्य होते.

माझी शिफारस मात्र आगळ आणि सोडा अशीच आहे. चिमूटभर जिरेपूड, साखर ऐच्छिक. खारट, आंबट, तुरट आणि वर बुडबुडे.

मांडवीपलीकडे

आगळ सोडा बरोबर. आमच्या गोव्यात उन्हाळा आला की उर्राक येतं, काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू, फेणीपेक्षा सौम्य. ती लिम्कात घालायची, वर लिंबू, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. मार्च ते मेपर्यंत गोव्यात लिम्का कशासाठी खपतो हे त्यामुळे कुणी विचारत नाही. मिरचीची चव शेवटच्या घोटाला कळते.

वऱ्हाडी ठेचा

मिरची कोल्ड्रिंकमंधी? आता आमच्या लायनीवर आले तुम्ही.

निळा ढग

अमेरिकेतून. इथे हाच वाद इतका जुना आहे की त्याचे नकाशे निघालेत. ईशान्येकडे आणि कॅलिफोर्नियात 'सोडा', मध्य-पश्चिमेला 'पॉप', आणि दक्षिणेकडे सगळ्यालाच 'कोक'. टेक्सासात खरोखर असं होतं: 'कोक घेणार?' 'हो.' 'कुठलं?' 'स्प्राइट.' ताकपिठ्यांचं लेमन इथे अगदी घरच्यासारखं वागवलं जाईल. बॉस्टनकडची म्हातारी माणसं अजून 'टॉनिक' म्हणतात. मी मिशिगनमध्ये आहे, मुलगा घरात पॉप म्हणतो आणि बायको त्याला दरवेळी टोकते.

विचित्र चव: रूट बिअर. नावात बिअर असली तरी दारू नाही. इथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाचा पहिला घोट आणि पहिला उद्गार ठरलेला असतो, 'अरे हे आयोडेक्स आहे!' त्याला कारण आहे. रूट बिअरमध्ये विंटरग्रीनचा वास असतो, त्यातला मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट. आपल्याकडे गंधपुऱ्याचं तेल म्हणतात ते हेच, आणि दुखऱ्या सांध्यावर चोळायच्या मलमांत तेच असतं. पूर्वी हे पेय ससाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळांपासून करत. त्या मुळातल्या सॅफ्रोलमुळे प्रयोगात उंदरांना यकृताचा कर्करोग झाला, म्हणून १९६० मध्ये इथल्या सरकारने ते खाण्यापिण्यात बंद केलं. तेव्हापासून बाटलीत सॅफ्रोल काढलेला अर्क किंवा कृत्रिम वास.

इथल्या मुलांना हा वास च्युइंगगम आणि गोळ्यांतून आधीच ओळखीचा असतो, त्यामुळे त्यांना रूट बिअरमध्ये औषध आठवत नाही. माझा मुलगा त्यात व्हॅनिला आइस्क्रीम टाकून खातो. मला अजूनही आजीची गुडघेदुखीच आठवते.

आणखी दोन. न्यूयॉर्कच्या ज्यू डेलींमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या दुकानांत, सेलरीचा सोडा मिळतो, सेल-रे नावाचा. चव हिरवट, थोडी ओव्याच्या अंगाने जाणारी. मला आवडला, आपल्या पोटाला ओवा ओळखीचा आहे. आणि मेन राज्यात मॉक्सी. जेन्शन नावाच्या मुळाचा कडूपणा त्यात मुद्दाम असतो, १८७६ मध्ये औषध म्हणूनच निघालं होतं. २००५ पासून ते त्या राज्याचं अधिकृत पेय आहे. काढा प्यायची सवय असलेल्याने घाबरू नये.

ताकपिठ्या

@निळा ढग, तिकडच्या लोकांना आपला मसाला सोडा दिलात का कधी?

निळा ढग

दिला. शेजाऱ्याने ग्लास नाकाजवळ नेला आणि फार सौजन्याने विचारलं की अंडं घातलंय का. काळ्या मिठात गंधकाची संयुगं असतात, त्याचा वास उकडलेल्या अंड्याचाच. इथले शाकाहारी लोक अंड्याच्या चवीसाठी टोफूवर काळं मीठ मुद्दाम घालतात. आपण तेच लिंबाबरोबर पितो आणि आपल्याला अंडं दिसत नाही.

क्लाईडकाठी

मुंबईच्या 'जिंजर'वरून आठवलं. मी ग्लासगोत आहे आणि इथे जुनी माणसं कुठल्याही फसफसणाऱ्या पेयाला 'जिंजर' म्हणतात. संत्र्याचं असो की कोला, 'बाटलीभर जिंजर आण'. पहिल्यांदा दुकानात एका आजोबांनी जिंजर मागितलं आणि दुकानदाराने त्यांना केशरी बाटली दिली तेव्हा मला वाटलं गोंधळ झाला.

ती केशरी बाटली म्हणजे आयर्न-ब्रू. १९०१ पासूनचं स्कॉटिश पेय. चव कशाची, हे इथल्या माणसालाही सांगता येत नाही. माझ्या मते बबलगमची सुरुवात आणि लोखंडाच्या गजाला जीभ लावल्यासारखा शेवट. आवडायला वेळ लागला, पण आता थंडीतही लागतं. २०१८ च्या सुरुवातीला साखरेवरच्या कराआधी त्यांनी साखर बरीच कमी केली तेव्हा लोकांनी जुन्या पाककृतीच्या बाटल्यांचे साठे करून ठेवले होते. आमच्या इमारतीतल्या एकाच्या कपाटात अजून आहेत म्हणे, तो कुणाला दाखवत नाही.

खेतवाडी

इराण्याचं जिंजर ग्लासगोहून आलं असा निष्कर्ष मी आता काढणार नाही, पण मोह होतोय.

कावेरीकाठचा

तंजावरी मराठी, सध्या चेन्नई. घरातलं आमचं मराठी तुम्हाला ऐकायला वेगळं वाटेल, पण सोड्याच्या बाबतीत आम्ही पूर्ण तमिळ. इथे जुना शब्द 'कलर'. रंगीत पाणी म्हणून कलर. लग्नघरात पाहुण्यांना 'कलर प्या' असा आग्रह असतो. साधा सोडा तो सोडा, रंग असला की कलर. हिशोब स्वच्छ आहे.

पन्नीर सोडा प्यायला नसेल तर इथे या. महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पाहुणा नाव ऐकून दचकतो. तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. लग्नात दारात शिंपडतात तेच. सोड्यात ते घातलं की पहिल्या घोटाला आपण देवळात आहोत असं वाटतं. दुपारी बिर्याणीनंतर मात्र दुसरं काही नको.

आणि बोवोंटो! काळीमार्क नावाच्या कंपनीचं, कंपनी १९१६ पासूनची, विरुदुनगरला सुरू झालेली. रंगाने कोला, चवीला द्राक्ष. इथल्या कित्येक घरांत कोलापेक्षा बोवोंटोला मान जास्त.

वाळवंटी कोंबडा

दुबईतून. द्राक्षावरून विमटो आठवलं. रमजानमध्ये इथल्या प्रत्येक सुपरमार्केटात जांभळ्या बाटल्यांचे डोंगर लागतात. रोजा सोडताना खजूर आणि विमटो. द्राक्ष, रास्पबेरी आणि ब्लॅककरंट नावाची काळी बेरी यांचं घट्ट सरबत, पाणी घालून प्यायचं. अरबी लोकांना ते आपलंच वाटतं, पण मूळ मँचेस्टरचं, १९०८ सालचं, जॉन नोएल निकोल्स यांचं. सुरुवातीचं नाव 'विम टॉनिक'.

माझे कारवारचे आजोबा लाल रंगाच्या कुठल्याही सोड्याला विमटो म्हणायचे. आम्ही हसायचो, ही आजोबांनी काढलेली काहीतरी नावं म्हणून.

रुळावरून

नावांचं चाललंय तर मनमाडचं सांगतो. मनमाडजवळ रेल्वेतून एक सुळका दिसतो, हडबीची शेंडी. डब्यातली पोरं खिडकीला चिकटून 'थम्सअप, थम्सअप' ओरडतात, कारण तो हुबेहूब वर केलेला अंगठा आहे. चिन्ह याच डोंगरावरून घेतलं असं दर गाडीत कुणीतरी छातीठोक सांगतोच. मी त्यावर वाद घालत नाही. नाशिक जिल्ह्याला एवढा मान असू द्या.

थम्सअप आलं १९७७ साली, कोका-कोला गेलं त्याच वर्षी. परकीय चलनाच्या फेरा कायद्याखाली हिस्सा ४० टक्क्यांवर आणा असा सरकारचा आग्रह होता, कंपनीने देश सोडला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री. मग सरकारच्याच मॉडर्न फूड इंडस्ट्रीजने स्वतःचा कोला काढला आणि नाव ठेवलं 'डबल सेव्हन', त्या ७७ सालावरून! ब्रेड करणाऱ्या खात्याचा कोला. आमचे काका म्हणायचे, चवीपेक्षा देशभक्तीच जास्त होती त्यात. फार टिकला नाही. गोल्ड स्पॉट आणि कॅम्पा मात्र आमच्या अख्ख्या पिढीच्या जिभेवर बसले. १९९३ मध्ये कोका-कोला परत आलं, पार्लेकडून थम्सअप, लिम्का, माझा, गोल्ड स्पॉट सगळं विकत घेतलं आणि गोल्ड स्पॉट बंद केलं.

चिंचबोर

'माझा'वरून घराघरात झालेली भांडणं कुणी मोजलीत का? फ्रिजपाशी 'माझा माझा कुणी संपवला' हे वाक्य आमच्याकडे दर उन्हाळ्यात.

फुलपात्र

मसाला थम्सअप राहिलंच. ग्लासात लिंबू, चाटमसाला, काळं मीठ आणि वरून थम्सअप. मुंबईत उडप्याकडे मिळतं. एक कळत नाही, घरी केलं की सगळा फेस ओट्यावर का जातो?

उलटी बाटली

मिठाचा आणि मसाल्याचा प्रत्येक कण म्हणजे वायूला सुटायला एक जागा. सगळा गॅस एकदम बाहेर येतो. मसाला आधी लिंबाच्या रसात पूर्ण विरघळवा, पेय फ्रिजमधून थेट काढलेलं हवं, आणि ग्लास तिरका धरून कडेने ओता. बर्फ शेवटी, तोही हळूच. बर्फाचा खडबडीत खडा आधी टाकला की तोच उद्योग.

वऱ्हाडी ठेचा

आगळवेगळी ताई, ते आगळ सोडा नागपुरात कसं करावं? आगळ भेटते, पण मापाचं काही सांगा.

आगळवेगळी

एका ग्लासाला दोन चमचे आगळ, त्याहून जास्त नको, मीठ आगळात असतंच. साखर घालणार असाल तर आधी थोड्या पाण्यात विरघळवून घ्या. जिरेपूड भाजलेल्या जिऱ्याची, कच्च्याची नाही. मग वर उलटी बाटलीकाकांनी सांगितलं तसं ग्लास तिरका धरून सोडा. आणि आगळाची बाटली विकत घेताना मागचं लेबल वाचा, घटकांत साखर दिसली तर ते आगळ नव्हे.

वऱ्हाडी ठेचा

केलं. पोरगं म्हणते आमटी हाय. बायकोनं दोन ग्लास पेले. मी त्यात मिरची चिरून टाकली, गोव्यावाल्याच्या पद्धतीनं, फक्त उर्राकशिवाय.

मांडवीपलीकडे

उर्राकशिवाय मिरची हे मात्र आमच्यात बसत नाही. पण चालू द्या.